समुद्र सोडून शिरूरच्या विहिरीत

खोल समुद्रातल्या आंधळ्या प्राण्यांवर मी बारा वर्षं संशोधन करते आहे, आणि यंदा त्याच कामासाठी मला शिरूर तालुक्यात जावं लागलं. किनाऱ्यावरच्या आमच्या संस्थेत प्रवासाचा अर्ज दिला तेव्हा लेखा विभागातल्या साहेबांनी तो दोनदा वाचला आणि शांतपणे विचारलं, "बोट कुठून पकडणार?"

दोष माझ्या मामाचा. मामा दौंडला राहतो, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालाय. निमोण्याच्या पुढच्या एका गावात त्याचे मित्र आप्पा राहतात. आप्पांनी गावच्या विहिरीचं पाणी गाळलं तेव्हा फडक्यावर तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी वळवळलं. मामाने त्याचा फोटो मला पाठवला, खाली प्रश्न: 'हे तुझ्या धंद्यातलं का?' फोटो मोठा करून बघितला आणि माझा चहा गार झाला. त्याला डोळे नव्हते. कोळंबीचा लांबचा भाऊबंद, जमिनीखालच्या पाण्यात राहणारा. समुद्राच्या तळाशी अंधारात माझ्या प्राण्यांचे डोळे गेले, इथे खडकाच्या फटीतल्या अंधारात याचे गेले. दोघांची तीच जनुकं मोडली की वेगळी? या एका प्रश्नावर माझी बारा वर्षं गेलीत आणि प्रकल्पाचं शेवटचं वर्ष चालू होतं. उत्तरासाठी मला हा किडा हवा होता, आणि आप्पांनी फोटो काढून झाल्यावर तो फेकून दिला होता.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. कमेंटमध्ये लोकेशन मागू नका. कारण शेवटी कळेल.

मामा फोनवर म्हणाला, "गुपचूप ये. आप्पा बादली सोडेल, झालं." पण मी पडले शास्त्रज्ञ! परवानगीशिवाय नमुना घेतला तर शोधनिबंध छापणारे नाक मुरडतात. म्हणून संस्थेच्या छापील कागदावर, जावक क्रमांक टाकून, गोल शिक्का मारून मी ग्रामपंचायतीला पत्र धाडलं: अमुक तारखेला आपल्या विहिरीतील सूक्ष्म जीवांच्या अभ्यासासाठी येत आहे, सहकार्य व्हावे. मराठी शुद्ध होतं. मला त्याचा अभिमानही वाटला होता.

पहिला दिवस दौंड. गाडी दोन तास उशिरा, म्हणजे वेळेवर. स्टेशनबाहेरचे पोहे गरम मिळतील तेव्हाच खा. घरी मामीने मटण केलं होतं. जेवणाआधी मामाने डोळे मिटून नेहमीची प्रार्थना म्हटली आणि शेवटी स्वतःचं एक वाक्य जोडलं, "प्रभू, हिला हिचा किडा मिळू दे, म्हणजे हिची नोकरी राहील." मामी डोळे न उघडता म्हणाली, "आमेन, पण मटण गार होतंय."

दुसऱ्या दिवशी मामाच्या स्कूटरवरून निघालो. जी जाळी बोटीवरून तीन किलोमीटर खोल समुद्रात जाऊन आली होती, ती आता भाजीच्या पिशवीशेजारी हुकला लटकत होती. चौफुल्याला मिसळ खाल्ली, ऐंशी रुपये, तर्री मागा, देतात. भीमेचा पूल ओलांडला की पुढे न्हावऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या. त्यांच्या मागे धीर धरून चालवा. त्या बाजू देत नाहीत आणि मागे लाल दिवाही नसतो.

गावात शिरलो तर विहिरीला ताजा चुना, भोवती रांगोळी, आणि मांडवात पन्नास-साठ माणसं. मला शाल, नारळ आणि फेटा मिळाला. फेटा बांधून घेताना नाकात वास शिरला. पोहण्याच्या तलावाला येतो तोच, क्लोरीनचा.

"टीसीएल पावडर टाकली का?" मी विचारलं.

"व्हय तर!" सरपंच खुलले. "मॅडम, तुमचं पत्र आलं आन् दुसऱ्याच दिशी पंपानं सगळं पाणी उपसलं, गाळ काढला. दोन येळा पावडर मारली. आता एक किडा घावला तर माझं नाव बदला."

मी फेट्यासकट विहिरीत जाळी सोडली. खरं तर काय होणार ते मला माहीत होतं, पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला हात चालवावेच लागतात. जाळी वर आली. भिंगातून बघितलं. काहीच नव्हतं.

"न्हाई ना?" सरपंचांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

टाळ्या! माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी नारळ फोडला. रिकामी जाळी हातात धरून मी, सरपंच आणि सगळे सदस्य असा फोटो निघाला. त्यात मी हसतेय असं वाटतं. मी ओठ चावत होते, कारण रडू आलं होतं आणि शाल घेऊन रडणारी बाई तिथे कुणी बघितली नसेल.

राग काढायला माणूस शोधत होते. सरपंचांनी माझं पत्र पुढे केलं. 'सूक्ष्म जीवांच्या' या शब्दांखाली लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या. शिक्क्याचा कागद घेऊन कुणी पाण्यातले जीव बघायला येतंय म्हटल्यावर कोणती पंचायत ते जिवंत ठेवेल? अशा वेळी आमच्या संस्थेतही आदल्या दिवशी प्रयोगशाळा पुसून काढतात, चालू प्रयोगासकट.

आप्पा मांडवाच्या कडेला बसले होते. त्यांचं घर विहिरीला लागूनच. "मी म्हनलो व्हतो, त्या बाईला किडंच पायजेत," ते म्हणाले. "तर सगळी मलाच हसली. म्हंजी, एवढी शिकलेली बाई किडं मागंल व्हय?"

"संपले का हो सगळे, आप्पा?"

"काय सांगावं. खाली कपारीत झरा हाय. थितवर काय पावडर पोचत न्हाई." त्यांनी माझी नमुन्याची रिकामी बाटली मागून घेतली. मी दारू, म्हणजे नमुने टिकवायची प्रयोगाची दारू, भरून दिली आणि पिण्याची नाही असं तीनदा सांगितलं.

परत पुण्यामार्गे, एसटीने. रांजणगावला शिफ्ट सुटली होती, कंपन्यांच्या बसगाड्यांमुळे अर्धा तास तिथेच. शिक्रापूरला ट्रकांच्या मागे आणखी अर्धा. शेजारी बसलेल्या कामगार बाईंनी विचारलं, "कुठल्या कंपनीत?" मी समुद्राचं सांगितलं.

"परमनंट का कॉन्ट्रॅक्ट?"

"कॉन्ट्रॅक्ट. यंदा संपतंय."

"मग आमच्यावानीच की," म्हणून त्यांनी मला अर्धी चिक्की दिली. माझ्या कारकिर्दीचा एवढा नेमका आढावा आमच्या समितीने कधी घेतलेला नाही.

घरी येऊन अहवाल लिहिला: नमुना मिळाला नाही. कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहिलं, 'मी'. साहेबांनी ते खोडून 'तांत्रिक अडचण' केलं. आठवड्याने सरपंचांचा फोटो आला. विहिरीच्या कठड्यावर निळ्या रंगात पाटी: 'निर्जंतुक आदर्श विहीर', खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव, डॉक्टरसकट. बारा वर्षांत माझं नाव कुठे रंगवलं गेलं तर तिथे. तो फोटो मी पुसला नाही, पुन्हा उघडलाही नाही.

अडीच महिन्यांनी आप्पांचा फोन आला. आवाज एकदम बारीक, शेजारी कुणी असावं तसा.

"मॅडम, पाच घावलीत. पांढरी. तुमच्या बाटलीत टाकून माळ्यावर ठिवलीत."

मी उठून खोलीचं दार लावलं. मग हळूच विचारलं, "पंचायतीत कुणाला सांगितलंत?"

"मला काय येड लागलंय?" आप्पा म्हणाले. "तुम्ही या. पन या टायमाला कागद धाडू नका."