जाड निब, बारीक निब आणि आण्णांचं टोपण

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. शर्टाच्या खिशाला शाईचे डाग पडतात ना, तसं आहे. आज एक ठिपका, उद्या एक, आणि एक दिवस बायको विचारते, "हा मुळात पांढरा होता का हो?"

पन्नास सालाच्या आगेमागे अंबरनाथच्या एका कारखान्यात, हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात आम्ही तिघं. हेडक्लार्क भिडेआण्णा. त्यांच्या हाताखाली टेंपररी क्लार्क सदू तरे, बेलवलीचा, घरी भातशेती. आणि मी शिपाई. चौथीत मास्तरांनी आणि मी एकमेकांना सोडलं. माझं काम पेनांत शाई भरणं आणि या दोघांत आग लावणं. दुसऱ्या कामाचा पगार मिळत नसे, पण ते मी जास्त मन लावून करायचो.

आण्णांची निब बारीक, अक्षर मोहरीएवढं. तरेची निब जाड, अक्षर वालाएवढं.

"तरे, तुझ्या एका अक्षरात माझा अख्खा अर्ज बसतो."

"पण तुमचा अर्ज वाचाला भिंग लागतंय, आण्णा."

बारीक निब ऑफिसच्या कागदावर ओरखडे काढायची. जाड निबेची शाई पुढच्या पानावर उतरायची. रोजच्या लिखाणाला मधली निब बरी, यावर दोघांचं एकमत होतं. ती दोघांकडेही नव्हती.

*

मधली आणायला मी उल्हासनगरला गेलो, कॅम्प नंबर तीनला. तिथे लछूभाई म्हणून एक सिंधी म्हातारे लाकडी पेटी मांडून पेनं विकायचे. फाळणीत घरदार सोडून आलेले, पण गिऱ्हाइकाची टिंगल करायची हौस बरोबर आणलेली.

मी मीडियम निब मागितली. त्यांनी पेटीतली बारीक निब उचलली, दगडावर थोडी घासली. "लो, मीडियम."

"आणि ब्रॉड?"

तीच आणखी घासली. "लो, ब्रॉड."

"आता परत फाइन करा."

लछूभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. "साईं, मोटा होना आसान है. वापस पतला कौन हुआ है?"

*

आमच्या हजेरीच्या मस्टरात खाने एवढेसे, तांदळाचा दाणा मावेल इतके. हजर माणसाला पी, गैरहजर माणसाला ए. तरेच्या जाड निबेने पी काय, ए काय, दोन्हींचा सारखाच काळा गोळा व्हायचा. एकदा खात्यातला एक कामगार स्वतः खिडकीशी आला.

"तरेभाऊ, मी मंगळवारी हजर होतो का?"

"तुला ठाऊक नाय?"

"मी सासुरवाडीला होतो. पण बायको म्हणते कारखान्यात होतास. मस्टर काय म्हणतंय?"

तरेने पान उजेडाला धरलं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "मस्टर तुमच्या घरच्या भांडणात पडत नाय."

*

आण्णा पेन कुणाला द्यायचे नाहीत. दिलंच तर टोपण स्वतःच्या हातात ठेवायचे. बिनटोपणाचं पेन माणूस खिशाला लावू शकत नाही, झक मारत परत आणतो.

एकदा मोठ्या साहेबांनी सहीला पेन घेतलं आणि बोलत बोलत ते घेऊनच निघाले. आण्णा टोपण हातात धरून मागे. साहेब स्टोअरला, आण्णा स्टोअरला. साहेब संडासात गेले, तर आण्णा दाराशी टोपण घेऊन उभे. आतून आवाज आला, "कोण आहे?"

"टोपण, साहेब."

*

मग साहेब बदलले. नव्यांनी कुणाची ओळख करून घ्यायच्या आधीच फर्मान काढलं: टाइम ऑफिसमधल्या लिहिणाऱ्या सगळ्यांनी मस्टरचं एकेक पान नक्कल करून दाखवायचं. नाव घालायचं नाही, म्हणजे वशिला चालणार नाही. अक्षर पसंत पडलं तर टेंपररी माणूस पर्मनंट.

तरेच्या तोंडचं पाणी पळालं. बापाने बजावलं होतं, या खेपेला पर्मनंट झाला नाहीस तर मुकाट्याने भाताच्या शेतात चिखलणीला ये. तो बारीक निब घेऊन सरावाला बसला. पण पेन धरायचा नांगरासारखं. दोन दिवसांत दोन निबा फाकल्या. तिसरी टिकली, अक्षरही बसलं. ती तिसरी मी मोडली. गंमत म्हणून त्या निबेने माझी सही करून बघितली, परीक्षेच्याच सकाळी. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तरे मोडक्या निबेकडे बघत बसला. मी आग लावायचं सोडून शाईची बाटली पुसत बसलो.

आण्णा उठले. आपलं पेन त्याच्यासमोर ठेवलं. "हळू दाब. वासराच्या पाठीवरून हात फिरवतोस तसं."

मग खिशातून टोपण काढलं आणि तेही शेजारी ठेवलं.

"आण्णा, टोपण?" तरे म्हणाला.

"लिही."

आणि आण्णांनी तरेचं जाड निबेचं पेन उचललं, चिमटीत मेलेला उंदीर धरावा तसं, आणि आपलं पान लिहायला घेतलं.

दुपारी साहेब आले. पहिलं पान बघून खूश. "सुंदर. हा कोण?"

तरेने हात वर केला. साहेब म्हणाले, "पर्मनंट."

मग दुसरं पान उचललं. जवळ धरलं, लांब धरलं. "आणि हे कोणी बरबटलंय? याला अजून सहा महिने टेंपररी ठेवा."

मी भिंतीकडे तोंड केलं. तरेचा आ वासलेला.

आण्णांनी रिकामा खिसा चाचपला, कोट सरळ केला.

"होय साहेब," ते म्हणाले, "मी समज देतो त्याला."