मैनाबाईनं सांगितलेला पितर

मैनाबाईच्या तोंडाला लागू नये, असं बडनेऱ्याच्या आजूबाजूच्या गावांत सगळेच म्हणायचे. खोटं नव्हतं ते. मापात मारणाऱ्या दुकानदाराला ती भर बाजारात उभा-आडवा घ्यायची, आणि मनासारखं झालं नाही की पारावरच्या मारुतीलाही दोन शब्द सुनावून यायची. पण लोकांना तिची जीभ तेवढी आठवते, काळीज कोणाला आठवत नाही, हा कुठला न्याय? म्हणून तिची ही एक आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सांगायलाच हवी.

ते दिवस कापसाचे. साता समुद्रापार गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. माणसं नुसती हरखून गेली होती. बैलांच्या शिंगांना कोणी चांदी मढवली, कोणी लग्नात गावजेवणं घातली. बडनेऱ्याला अजून आगगाडी यायची होती, त्यामुळे अमरावतीचा कापूस बैलगाड्यांत भरून अकोल्याच्या वाटेनं पुढे जायचा. त्या वाटेवर मैनाबाईचा नवरा चंद्रभान आणि त्याचा लहानपणापासूनचा सोबती नत्थुजी, दोघांच्या गाड्या कायम मागंपुढं असायच्या.

चंद्रभान बायकोच्या अगदी उलट. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर खूप. पाणी मात्र असं प्यायचा की बघत राहावं. शेतातून आला की लोटा तोंडाला लावायचा तो रिकामा करूनच खाली ठेवायचा. "तुमच्यापायी एक हीर येगळी खंदा लागते," मैनाबाई म्हणायची. तो हसायचा आणि दुसरा लोटा मागायचा.

शिमगा सरला आणि काटेपूर्णेच्या काठी गाड्या सोडलेल्या असताना चंद्रभानला हैजा झाला, उलट्या-जुलाब थांबेनात. त्या काळी सगळीकडे एकच समजूत होती, हैज्याच्या माणसाला पाणी पाजलं की तो गेलाच. वैद्य तेच सांगायचे, म्हातारेकोतारेही तेच. नत्थुजीनं सोबत्याला वाचवायचं म्हणून लोटा लपवला. चंद्रभान सकाळपासून पाणी मागत होता. नदी डोळ्यांसमोर होती. तो उठून तिकडे सरपटायला लागला, तेव्हा नत्थुजीनं त्याला मिठी मारून धरून ठेवलं. दिवस मावळायला चंद्रभान गेला. नदीकाठीच त्याला अग्नी दिला.

नत्थुजी दोन्ही गाड्या घेऊन परत आला आणि मैनाबाईच्या दारात उभा राहिला. त्यानं काही म्हणजे काही लपवलं नाही. "पानी मांगून राहिला होता वयनी, म्या देल्लं नाई," एवढं बोलून तो खाली बसला.

गावाला तर आयतंच मिळालं. तहानलेला जीव तसाच वाटेला लावला, म्हणून जो तो नत्थुजीला टाळायला लागला. अरे, तुम्ही तिथं असता तर घागरी ओतल्या असत्या काय? पण हे कोण बोलणार?

मैनाबाईचं दुःख वेगळंच होतं. नवरा मेला म्हणजे संपला, असं तिला एक क्षणही वाटलं नाही. तो आहे. त्या लांबच्या वाटेनं चालून राहिला आहे. आणि त्याला तहान लागली आहे. हे तिला इतकं लख्ख ठाऊक होतं की तिला नीट रडताही येईना. तिनं तुळशीला पाणी घातलं, पिंपळाला घातलं, पण ते त्याला मिळालं की नाही हे कोण सांगणार? आता भरवसा एका आखाजीचा. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरतात आणि त्याच्या वयाच्या एका माणसाला त्याच्या जागी पाटावर बसवतात. त्यालाच पितर म्हणतात. तो निवेपर्यंत प्याला, तर तिकडे गेलेला निवतो. पितर अर्ध्या तहानेनं उठला, तर पुढच्या आखाजीपर्यंत तो जीव तसाच कोरडा.

आखाजी जवळ आली तशी मैनाबाई एका दुपारी नत्थुजीच्या घरी गेली. भांडायलाच गेली होती ती.

"तुमचा हात धजलाच कसा, नत्थूभाऊ? चुळकाभर तं पाजा लागत होतं."

नत्थुजीनं मान वर केली नाही. "वाचंन असं वाटे, वयनी. तुमी तिथं असत्या, तं तुमी देल्लं असतं?"

 मैनाबाईनं स्वतःला त्या नदीकाठी उभं करून पाहिलं. कुंकू वाचवायचं असतं, तर तिनंही लोटा लपवलाच असता. त्याला मिठी मारून धरलंही असतं. "नसतं देल्लं," ती म्हणाली आणि उठली. खोटं बोलून जिंकणं तिला कधी जमलंच नाही.

घरी मोठे दीर खुशालराव मनसुबे रचत बसले होते. कापसानं हात दिला होता, तेव्हा पितर कसा मानाचा हवा. अमरावतीच्या किसनरावांना सांगू, ते म्हणत होते. भरल्या घरचा माणूस, चंद्रभानच्याच वयाचा.

थोरल्या दिराशी सरळ बोलायची रीत नव्हती. मैनाबाईनं पदर पुढे ओढला आणि दोघांच्या मध्ये बसलेल्या सासूला, गंगूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, त्याइले सांगा, पितर नत्थुजी बसंन."

खुशालराव ताडकन उठले. "माय, हिचं डोकं फिरलं काय? ज्यानं पानी तोडलं त्याले पाटावर बसवू?"

"किसनराव दोन घोट पेतीन अन् मिशा पुसतीन," मैनाबाई सासूकडेच बघत बोलली. "त्याइले कोरड म्हन्जे काय ठाऊक? ह्याइची तहान दिसभर नत्थुजीनं आयकली. ती तहान त्याच्यापाशी हाय, आत्याबाई. दुसऱ्या कोनाच्या घशानं ती जाची नाई."

 लेक गंगूबाईंचा होता. त्या एवढंच म्हणाल्या, "बलाव त्याले."

आखाजीला नत्थुजी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आला. अंगणात अर्धा गाव जमला होता, आणि भक्तीनं नाही, तमाशा बघायला. लाल घागरीत वाळा घातलेलं पाणी होतं, पत्रावळीवर पोळी आणि आमरस. पाणी खुशालरावांच्या बायकोनं द्यायचं ठरलं होतं, पण लोटा मैनाबाईनंच उचलला. तिला अडवायची कोणाची छाती झाली नाही.

ती समोर आली आणि त्याचे हात बघून तिच्या डोक्यात संताप चढला. ह्याच हातांनी लोटा लपवला. सगळं समजत असूनही चढला, त्याला काय करणार? पाणी त्याच्या डोक्यावर ओतून द्यावं, असंही क्षणभर वाटलं. तिनं दुसरा हात लावून लोटा घट्ट धरला.

"वयनी, माह्या घशाखाली उतरत नाई," नत्थुजी पुटपुटला.

"वयनी कोनाले म्हनता?" ती हळूच म्हणाली. "आज तुमी या घरचे धनी. तहान लागली असंन तं मांगा."

 नत्थुजीचे ओठ नुसते हलत होते. मग त्याच्या तोंडून, नदीकाठी दिवसभर ऐकलेल्या चंद्रभानच्या त्याच खोल गेलेल्या सुरात शब्द आले.

"पानी दे."

 मैनाबाईनं लोटा पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि रिकामा करून परत दिला. "आनखी." तिनं भरला. "आनखी दे." पाणी त्याच्या मानेवरून, छातीवरून वाहत होतं, त्यात डोळ्यांचंही होतं, आणि ती भरत होती, तो पीत होता. खुशालरावांनी आपण होऊन उठून घागर वाकवून धरली. तळ दिसायला आला तेव्हा नत्थुजीनं लोट्यावर पंजा ठेवला.

"पुरे," तो म्हणाला. "निवालो."

मैनाबाई पाया पडायला वाकली. नत्थुजीनं घाबरून पाय आखडून घेतले.

"पितर पाय मांगं घेत नाई," ती म्हणाली.

त्यानं पाय होते तिथं ठेवले. तिनं त्यांच्यावर कपाळ टेकलं आणि शिमग्यापासून अडलेलं रडू त्या पायांवर मोकळं सोडलं.