बेचाळीस मालकांची कंपनी

कंपनीत फायली साठतात तसे माझ्याकडे किस्से साठलेत. मित्रांत सांगितले की हशा पिकतो. मीही हसतो. पण नंतर राजापेठेतल्या घरी एकटा परतताना कान गरम होतात.

चांदूर बाजारकडच्या भाजी-फुलं पिकवणाऱ्या बेचाळीस जणांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढली. सगळे शेअरहोल्डर, म्हणजे सगळेच मालक. मी बी.कॉम., म्हणून मला सीईओ नेमलं. खरं तर मी त्यांचा नोकर. हे मला जरा उशिरा कळलं!

*

पहिल्या बैठकीत मी फळ्यावर 'लिमिटेड' लिहिलं. "म्हणजे कंपनी बुडाली तरी तुमचं घरदार सुरक्षित."

वांगी पिकवणारे नामदेवकाका मागून उठले. "आन् बुडवनाऱ्याचं घर?"

"तेही सुरक्षितच," मी म्हणालो. सगळे खो-खो हसले. काका हसले नाहीत.

मग मी सांगितलं, कायद्याच्या नजरेत कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती असते. तिच्या नावावर जमीन घेता येते, तिच्यावर केस होते.

"मंग तिले लाज वाटते का?" पुन्हा काकाच!

मी घाईघाईनं पुढचा मुद्दा घेतला.

*

शेवंती लावणाऱ्या सुमनमावशींनी शेअर सर्टिफिकेट लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी टांगलं आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसात हजर. "भाऊ, या कंपनीतला माहा भाग कोनता?"

मी गमतीत दाराजवळचा कोपरा दाखवला. "हा तुमचा!" स्टाफ फिदीफिदी हसला.

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी मावशी यायच्या, तेवढा कोपरा झाडायच्या आणि जायच्या. मी वर्षभर त्यांना तो कोपरा झाडू दिला. दर वेळी वाटायचं, आज सांगू. पण सांगणार काय?

*

एकदा अकोल्याचा मोठा खरेदीदार कारनं आला. ऑफिसात पाच-सहा सभासद बसलेले. मी म्हटलं, "जरा बाहेर बसता का? कंपनीची मीटिंग आहे." उठून गेले बिचारे.

खरेदीदारानं विचारलं, "कंपनीचे मालक आपणच?"

"तसंच समजा."

खिडकी उघडी होती! बाहेरून नामदेवकाकांचा आवाज आला, "मालक, मीटिंग झाली असन त आमाले आत घ्या. ऊन लागून राह्यलं."

*

आणि वार्षिक सर्वसाधारण सभा. ती घ्यावीच लागते. पण हंगामाचे दिवस, येणार कोण? मीच आधी घरोघर रजिस्टर फिरवलं. "सही करून ठेवा, तुमचा दिवस कशाला मोडायचा?" बेचाळीस सह्या झाल्या, मावशींचीही. इतिवृत्तसुद्धा लिहून टाकलं : सर्व ठराव एकमताने मंजूर. नोटिसा तेवढ्या नियमाप्रमाणे पोस्टानं पाठवल्या.

सभेच्या दिवशी मी अकोल्याला, मेव्हण्याच्या साखरपुड्यात. दुपारी चारला परत येऊन ऑफिस उघडायला गेलो, तर बंद दाराशी सुमनमावशी. नवं लुगडं, केसांत शेवंती, हातात नोटीस.

"मावशी, तुम्ही? सही तर झाली होती ना?"

"सही झाली होती. पन कागद आला ना घरी! सुनेनं वाचून देल्ला. अकरा वाजता सभा म्हने."

"अकरापासून बसलात? कोणीच आलं नाही?"

"कोनीच नाही."

रजिस्टर माझ्या बॅगेत होतं.

मावशी जरा लाजल्या. "लय वाट पाह्यली, भाऊ. मंग म्या एकटीनंच हात वर केला. चालते ना?"