मालकाची तपासणी

फोन कानाजवळ घे पोरी, अन् तुह्या मायचं बोलणं आयक. छातीत रोज जळते, तरी दुर्बिणीच्या तपासणीले भेतं काहून? आमचे गिरणीवाले भाऊ पाह्य. आंबट वर येऊन येऊन त्यांच्या अन्ननळीचं आतलं अस्तर बदललं. कॅन्सर नाही, पण पुढं होऊ शकते, म्हणून डॉक्टर दरसाल दुर्बीण टाकून पाहतात. त्या दिवशी भाऊ गिरणीच्या दारावर खडूनं लिहितात, ‘आज बंद. मालकाची तपासणी.’ कोणी हसलं तर म्हणतात, “गिरणीचा दगड बिघडायच्या आधीच खोलून पाह्यतो ना मी?” रात्री आंबट वर येऊ नये म्हणून बाजेच्या उशाकडच्या पायांखाली दोन विटा लावून झोपतात. यंदाही बदल वाढला नाही. तुह्या बाजेखाली म्या विटा लावून ठेवल्या. लवकर ये, तपासणीले वाशीमले संगं जाऊ.