तारेत ओवलेल्या विमानाच्या चिठ्ठ्या

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातलंही अर्धं वर्ष फुलं तोडण्यात गेलं. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी कोणाच्या हाती लागलीच, तर चुका पोटात घालाव्यात. लिहिलंय ते खरं आहे आणि ते मी स्वतः केलेलं आहे. माणसात मला बोलता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमची मखमलाबादच्या बाजूला दीड एकर फुलशेती आहे. झेंडू आणि शेवंती. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली. तिच्या पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी यायची होती, पण डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं, म्हणून मीच जायचं ठरलं. रेल्वेने जायला-यायला तीन-चार दिवस मोडतात आणि ऐन तोडणीत तेवढे दिवस काढता येत नाहीत. विमान ओझरहून थेट होतं. लेक म्हणाली, "आई, मी तिकीट पाठवते." मी नको म्हटलं. लेकीच्या पैशाने लेकीच्या दारात जायचं नाही, असं माझ्या आईने मला शिकवलंय, आणि ते मी सोडलेलं नाही.

म्हणून मी जाऊबाईंकडून बारा हजार घेतले. आमचं घर एकच, मधे भिंत घातलेली. त्यांचे दोन्ही मुलगे कंपनीत आहेत, त्यांना पैशाची ओढ नाही. त्यांनी लगेच दिले. पण देताना एकदा दिले आणि पुढे तीन वर्षं रोज दिले, असं मला वाटायचं. हळदीकुंकवाला पाच बायका बसल्या की सुरू.

"आमच्या धाकटीचं लय पुढं गेलंय बाई. आपण त्र्यंबकला जायला पण एसटीची वाट बघतो. ही कशी भुर्रकन उडती."

बायका हसायच्या. मी वाण वाटत राहायची. पैसे त्यांचे होते.

त्याच पहिल्या फेरीत विमानतळावर एक गोष्ट झाली. माझ्या पुढच्या माणसाला काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मेंबर नंबर आहे का? त्याने पाठ असलेला नंबर धडाधडा सांगितला. मला विचारलं तेव्हा मी फक्त मान हलवली, नाही. विमानात बसल्यावर खाली ढग होते, पण माझ्या डोक्यात तो नंबर. त्याला काय मिळालं असेल जे मला मिळालं नाही?

लेकीला विचारलं तर ती हसली. "आई, ते सारखं विमानाने फिरणाऱ्यांसाठी असतं. वर्षातून एकदा जाणाऱ्याला त्यात काय मिळणार?"

गंगापूर रोडला एक निवृत्त शाळेच्या बाई राहतात. त्यांच्याकडे मी सकाळी पूजेची फुलं देते. त्यांचा मुलगा दिल्लीला, त्यामुळे त्यांना विमानाचं माहीत होतं. दहा दिवस धीर गोळा केला आणि अकराव्या दिवशी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, नंबर फुकट मिळतो. घ्यायचा आणि तिकीट काढताना प्रत्येक वेळी सांगायचा. जितक्या पैशाचं तिकीट, तितके पॉइंट. पुरेसे साठले की त्याचं तिकीट येतं." त्यांनी त्यांच्या ओट्यावर बसून माझ्या फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं. सगळं इंग्रजीत होतं. आकडे मात्र मला वाचता येत होते, आणि मला आकडेच पाहिजे होते.

पुढे मी वर्षातून एकदा, कधी दोनदा बंगळुरूला जाऊ लागले. दरवेळी तिकीट मी एका एजंटकडून रोख पैसे देऊन काढायची आणि त्याच्या समोर नंबर वाचून दाखवायची. तो कंटाळायचा. "काकू, तुमचे किती ते पॉइंट जमणार?" मी म्हणायची, "टाका तर."

हळूहळू काही गोष्टी मला कळल्या. त्या कोणी शिकवल्या नाहीत. आमच्या धंद्यावरून कळल्या.

एक म्हणजे पॉइंट मरतात. झेंडू दोन दिवसांत मान टाकतो, पॉइंट जास्त तग धरतात एवढंच. खात्यात बरेच महिने काही हालचाल झाली नाही की गेले. म्हणून ज्या वर्षी जाणं झालं नाही, त्या वर्षी आम्हाला मिक्सर घ्यायचाच होता, तो मी त्या ॲपमधल्या दुकानातून घेतला. पॉइंट थोडेच मिळाले, पण जुने जगले. पॉइंटसाठी म्हणून वस्तू मात्र कधी घेतली नाही. क्रेट फुकट मिळतो म्हणून कोणी माल जास्त तोडत नाही.

दुसरं म्हणजे ह्यांचा नंबर. आमचे हे दोनदा माझ्याबरोबर आले होते. त्यांचे पॉइंट वेगळे पडून होते. घरच्या माणसांचे एका खात्यात घेता येतात, हे मला ॲपमधल्या दोन माणसं आणि एक मूल अशा चित्रावरून समजलं. बाईंना विचारून खात्री केली आणि ह्यांचे माझ्यात घेतले. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "घे की. माझं होतं कधी काय?"

आणि तिसरं, सगळ्यात मोठं. पॉइंट कधी वापरायचे? ॲपमध्ये पिशव्या, घड्याळं, असलं बरंच दाखवत होते. एकदा मोह झाला. पण मी पॉइंट आणि रुपये यांचा भाव काढून बघितला, पिशवीला फार कमी भाव पडत होता. तिकिटाला चांगला पडत होता. त्यातही तिकीट स्वस्त असेल तेव्हा पॉइंट घालवण्यात अर्थ नव्हता. दसऱ्याला झेंडू विकायचा असतो, आषाढात नाही. तसंच तिकीट महाग होईल तेव्हा पॉइंट काढायचे.

मधल्या काळात जाऊबाईंचे मी पाच हजार फेडले. सात राहिले ते राहिलेच. कारण थोडे जमले की लेकीकडे जायची वेळ यायची आणि ते तिकिटाला जायचे. त्यांचंही चूक नव्हतं. एकदा अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडताना म्हणाल्या, "माझे पैसे नाहीत म्हणती आणि विमानाला पैसे हायेत. असं कसं गं?"

मग लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले. दिवाळीच्या आसपासची तारीख. तेव्हा तिकिटं चढलेली असतात. माझ्याकडे दसऱ्याच्या फुलांचे सात-आठ हजार येणार होते. ते तिकिटाला घातले तर जाऊबाईंचे पुन्हा राहणार. जाऊबाईंना दिले तर लेकीकडे कशी जाणार? बाळंतपणाला आई नाही, असं मी होऊ देणार नव्हते.

मी ॲप उघडून पॉइंट मोजले. थोडेच कमी पडत होते. आणि मग लक्षात आलं की उन्हाळ्यातल्या फेरीचे आलेलेच नाहीत. त्या वेळी मला ताप होता आणि एजंटकडे हे एकटे गेले होते. नंबर सांगायला विसरले. विचारलं तर म्हणाले, "तू चिठ्ठीवर लिहून दिला होतास ना? ती शर्टात राहिली."

बाई म्हणाल्या, राहिलेले पॉइंट नंतर मागता येतात, पण ठरलेल्या मुदतीतच, आणि तिकिटाचा नंबर लागतो. मुदतीला तीन दिवस उरले होते. एजंटचं दुकान पावसाळ्यातच बंद झालं होतं, फोन लागत नव्हता. छापलेलं तिकीट मी परतताना विमानातच सीटच्या खिशात विसरले होते. राहिल्या होत्या त्या फक्त विमानात चढतानाच्या चिठ्ठ्या, बोर्डिंग पास.

त्या मी टाकल्या नव्हत्या. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एक तार टांगलेली आहे, वर टोकदार आकडा, खाली लाकडाची चकती. फूलबाजारात माल दिला की व्यापारी पट्टी देतो, किती क्रेट, काय भाव, ते लिहिलेला कागद. सासूबाईंच्या वेळेपासून घरात आलेली प्रत्येक पट्टी त्या तारेत ओवायची पद्धत आहे. विजेचं बिल, खताची पावती, सगळं तिथेच. बंगळुरूहून आले तेव्हा जातानाचा आणि येतानाचा, दोन्ही पास मी तसेच आकड्यावर खुपसले होते.

तारेतल्या पट्ट्या काढत काढत त्यांच्यापर्यंत आले. बघते तर काय, तार दोन्ही पासांच्या नेमक्या तिकीट नंबरातून गेली होती. दोन्हींवर एकेक आकडा भोकात गेला होता.

तरी विमान कंपनीला फोन करायचं ठरवलं. घरात जाऊबाईंचे कान, म्हणून झेंडूच्या सरीत जाऊन उभी राहिले. पहिल्यांदा पलीकडून मुलीचा आवाज आला आणि मी फोन बंदच केला. माझं असंच आहे, अनोळखी माणसापुढे जीभ टाळ्याला चिकटते. दुसऱ्यांदा लावला.

"मॅडम, टिकट नंबर बताइए."

मी एकेक आकडा वाचला आणि थांबले.

"आगे, मॅडम?"

"आगे छेद है."

"जी? क्या है?"

"छेद. तार का. हमारे में कागज तार में डालते हैं."

पलीकडे ती मुलगी हसली असावी, पण बोलली नीट. म्हणाली, नाव-तारखेवर देता येत नाही, पूरा नंबर लागेल. मी विचारलं, "अंदाजे से चलेगा?" ती म्हणाली, नाही चालणार. मी थँक यू म्हटलं. ते मला येतं.

घरी आले. कणिक मळायची होती. पोळपाट पुढे घेतला आणि त्यावर ते दोन पास ठेवले, सहज, एकाखाली एक. बाजारात पट्टी भिजली, एखादा आकडा फुटला की आम्ही व्यापाऱ्याच्या वहीतल्या नकलेशी ताडून बघतो. तसं मी बोटाने आकड्याखाली आकडा बघत गेले. पहिला आकडा सारखा. दुसरा सारखा. तिसरा सारखा. मी समजत होते की जाण्याचं तिकीट वेगळं आणि येण्याचं वेगळं. पण ते एकत्र काढलेलं, म्हणून नंबर एकच होता. आणि ओवताना एक पास सुलटा गेला होता, एक उलटा, त्यामुळे भोकं वेगवेगळ्या आकड्यांवर पडली होती. ह्याच्यात जो आकडा गेला होता तो त्याच्यात शाबूत होता, त्याच्यात गेलेला ह्याच्यात होता.

मी कणकेच्या हाताने पुन्हा झेंडूत पळाले. ह्या वेळी फोन एका दमात लावला. दुसरी मुलगी होती. मी सगळा नंबर थांबल्याशिवाय वाचला, मेंबर नंबर वाचला, तारीख सांगितली. ती म्हणाली, "थोडा होल्ड कीजिए." गाणं वाजत राहिलं. मग म्हणाली, "हो गया मॅडम, कुछ दिन में आ जाएंगे."

आठवड्याने आले. मी शनिवार-रविवार सोडून मंगळवारचं विमान बघितलं, त्या दिवशी पॉइंट कमी लागत होते. जाण्या-येण्याचं तिकीट मी काढलं, बाईंच्या ओट्यावर बसून, पण बटण मी दाबलं. कर वगैरे धरून बाराशेच्या आत रोख गेले. त्याच विमानाचा रोख भाव त्या दिवशी नऊ हजारांच्या वर दिसत होता. बाई म्हणाल्या, "माझा मुलगा महिन्याला जातो, त्याने अजून एकदाही पॉइंट वापरले नाहीत." येताना मी रिकामी टोपली हातात झुलवत आले, ते आठवतं.

लेकीला फोनवर सांगितलं. "पॉइंटवर? आई, तू?" एवढंच ती दोनदा म्हणाली. नंतर तिने नवऱ्याला ओरडून सांगितलेलं मला ऐकू आलं.

दसऱ्याचे फुलांचे पैसे हातात आले, त्याच दिवशी दुपारी भिंतीपलीकडे गेले. जाऊबाई तांदूळ पाखडत होत्या.

"अक्का, हे सात हजार."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "आणि बंगळुरूला कशाने जाती?"

"विमानाने."

"मग पैसे?"

मी त्यांना सांगितलं. नंबर, पॉइंट, तार, भोक, सगळं. आयुष्यात त्यांच्यापुढे मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे आम्ही दोघं गेल्या साली काशीला विमानाने गेलो, त्याचं पण आलं असतं?"

"नंबर घेतला असता तर."

"कागद तर मी चुलीत घातले." सूप उगाचच बाजूला सरकवलं. "पोरांनी पण सांगितलं नाही कधी. बरं, तो नंबर मला पण काढून दे. एक काम कर, पुढल्या वेळी आम्हाला तिकीट काढून दिलंस तर ह्यातले दोन हजार परत ने."

"तिकीट काढून देईन अक्का. पण पैसे हे घ्या. ते वेगळं, हे वेगळं."

त्यांनी नोटा घेतल्या. थुंकी लावून एकदा मोजल्या, मग पुन्हा एकदा मोजल्या. पदराला बांधल्या आणि म्हणाल्या, "फिटले गं. सगळे फिटले."