पडलेल्या शहराचं सुतक

आम्ही लिंगायत. आमच्यात सुतक पाळत नाहीत. तरी माझं लग्न झाल्यापासून आमच्या घरात एका शहराचं सुतक चालू होतं, आणि ते शहर पडून पाचशे वर्षं होत आली होती. शहराचं नाव ग्रॅनडा, देश स्पेन. सुतक पाळणारी माझी बायको रत्नम्मा, माहेर उदगीर.

तिचे वडील शिवप्पा यांचं उदगीरला कापडाचं दुकान. पोरीनं बी.ए. व्हावं आणि गुमान घरी यावं म्हणून त्यांनी तिला हैदराबादला मामाकडं ठेवलं. तिथं ती संध्याकाळच्या वर्गात स्पॅनिश शिकायला लागली. का, असं विचारलं तर सांगते, फ्रेंचच्या वर्गात जागा नव्हती. एवढ्याशा कारणानं माणूस कुठल्या कुठं जातं बघा. पुढं दिल्लीला जाऊन तिनं स्पॅनिशमध्ये एम.ए. केलं, तेही आजच्या भाषेचं नाही, राजेरजवाड्यांच्या काळातल्या जुन्या भाषेचं. मग संशोधन. ख्रिस्ती राजा-राणीनं तिथल्या मुसलमान राजाकडून ग्रॅनडा घेतलं त्या वेळी सरहद्दीवरच्या लोकांनी रचलेली गाणी, आणि पुढच्या शे-दीडशे वर्षांत ती कशी बदलत गेली, हा तिचा विषय. आता स्पेनला जाऊन जुनी हस्तलिखितं बघावी लागतील, असं गाईडनं सांगितलं आणि त्याच महिन्यात शिवप्पांना अर्धांगवायू झाला. ती उदगीरला आली ती आलीच. वर्षभरात तिचं माझ्याशी लग्न लागलं.

मी वीरण्णा, तेव्हा उस्मानाबादच्या कलेक्टर कचेरीत कारकून होतो. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा वेगळा झाला आणि मी हौसेनं बदली मागून घेतली. नवा जिल्हा म्हणजे शिक्के नवे, पाट्या नव्या, कटकटी मात्र जुन्याच. फायली ठेवायला कपाटं नव्हती, आम्ही त्या खिडकीत रचायचो. मला वाटलं होतं, नव्या गावात हिचं मन रमेल. रमलं नाही असं तरी कसं म्हणू? घर नीट चालवायची, माझ्या आईच्या, म्हणजे अव्वाच्या हाताखाली सगळं करायची, शेजारणींत बसून हसायची. फक्त दुपारच्या भाकरी झाल्या की स्टोव्हपुढं बसून ती गाणी आपल्याशीच म्हणायची.

‘काय म्हणायलीस?’ मी विचारायचो.

‘एका बाईला गाव सोडावं लागलंय. तिला घरामागची विहीर आठवायलीय.’

‘राजानं शहर घालवलं, त्याची शिक्षा मला का?’

ती हसायची. पण हसतानाही तिचे डोळे भलतीकडंच असायचे, आणि मला त्या गावाचा मत्सर वाटायचा. एखाद्या माणसाचा वाटला असता तर निदान जाऊन भांडता तरी आलं असतं.

मग शहाऐंशीचा दुष्काळ आला. मला टंचाई शाखेत टाकलं. कुठल्या गावाला टँकर गेला, कुठल्या गावाचा वाटेतच रिकामा झाला, दिवसभर हेच. त्या उन्हाळ्यात स्पेनमधल्या काही नन आमच्या जिल्ह्यात दवाखाना चालवायला आल्या. त्यांची प्रमुख सिस्टर पिलार. तिचं इंग्रजी यथातथाच, आणि सोबत आलेला दुभाष्या उष्माघातानं आडवा झालेला. बैठकीत कलेक्टर साहेबांनी डोक्याला हात लावला. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो, तिथूनच बोललो, ‘साहेब, आमच्या मिसेसला येतंय.’

सगळी कचेरी माझ्याकडं बघायला लागली. मी घरात हत्ती बांधलाय असं सांगितलं असतं तर एवढं नवल वाटलं नसतं. खोटं कशाला बोलू, मला लई भारी वाटलं.

सरकारी जीप रत्नम्माला घेऊन गेली. अहमदपूरकडची, जळकोटकडची गावं त्यांनी पालथी घातली. एका गावात टँकर बघायला गेलो तर लिंबाखाली ह्यांचा दवाखाना लागलेला. एक म्हातारी पोट धरून बसलेली आणि रत्नम्मा सिस्टरला काहीतरी समजावून सांगत होती. सिस्टर एकदम खो खो हसली. मला राग आला. मग त्या बाईनं रत्नम्माचा हात दोन्ही हातांत धरला आणि मोडक्या इंग्रजीत मला सांगितलं, की तुमची बायको आमच्या जुन्या राणीसारखी बोलते, जुलाबाची गोळीसुद्धा दरबारात मागावी तशी मागते. बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला देश सोडून पुष्कळ वर्षं झाली होती.

रत्नम्माच्या अंगावर धूळ, पदर घामानं भिजलेला. आणि तोंडावर काय कळा होती म्हणून सांगू! पाच वर्षांत मी तिला असं पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला आणि ही आता घरात रमणार नाही असंही वाटलं.

पुढचं मीच ओढवून घेतलेलं, बैठकीत तोंड मीच उघडलं होतं. सिस्टरच्या संस्थेचा ग्रॅनडात ननांचा जुना मठ होता, तिथं शिकणाऱ्या बायकांची राहायची सोय व्हायची. दिल्लीच्या गाईडबाई अजून रत्नम्माला विसरल्या नव्हत्या, त्यांनी शिष्यवृत्तीचं बघितलं. दीड वर्षाचा प्रश्न होता. रत्नम्मानं मला काहीच विचारलं नाही. फक्त गाणी म्हणायची बंद केली. ते मला जास्त जड गेलं. आम्हाला मूलबाळ नव्हतं, घरात आवाज असा तिचाच.

‘जायचंय ना?’ शेवटी मीच विचारलं.

‘हाव,’ ती म्हणाली. एवढं सरळ उत्तर तिनं मला आधी कधी दिलं नव्हतं.

आता अव्वा राहिली. अव्वा म्हणजे दानम्मा. तिच्यापुढं कलेक्टरचीही मात्रा चालली नसती. तिनं सुनेला समोर बसवलं.

‘लिंगपूजा?’

‘रोज करीन.’

‘मास-मटण?’

‘शिवणार न्हाई.’

‘ऱ्हाणार कुठं?’

‘मठात, अत्याबाई. सगळ्या बायकाच असतात तिथं.’

अव्वाच्या डोळ्यांपुढं आमचा मठ उभा राहिला, स्वामी, प्रसाद, सगळं. ‘मग माझी काई काळजी न्हाई,’ ती म्हणाली. रत्नम्मानं माझ्याकडं पाहिलं आणि मी छताकडं.

नांदेडच्या स्टेशनवर मी तिला गाडीत बसवून दिलं. परतताना एस.टी.त शेजारच्या माणसानं कुठं गेला होता म्हणून विचारलं. बायकोला सोडायला, म्हणालो. माहेरी का, म्हणाला. मी हो म्हणून मोकळा झालो. ते अगदीच खोटं नव्हतं.

दीड वर्ष कसं काढलं ते माझं मला माहीत. पाऊस झाला, टंचाई शाखा मिटली, घरी आलं की करायला काही उरलं नाही. अव्वा जपमाळ घेऊन बसायची, मी पेपर घेऊन. यायचा महिना जवळ आला तसं मी घराला चुना देऊन घेतला. तेवढ्यात तिनं कळवलं, एका मठात गाण्यांचं नवं बाड हाती लागलंय, अजून एक वर्ष लागेल. राहू का?

अव्वा भडकली. ‘राहू का म्हंजे? नवरा हायस का कोण हायस तू? बोलाव तिला!’ पाहुणेही येताजाता टोमणे मारायला लागले. पण त्यांचं काय घेऊन बसलात, मलाच ती हवी होती. मी टेलिफोन ऑफिसला जाऊन स्पेनचा कॉल लावला. तिथले बाबू अमृतराव माझ्या ओळखीचे, तेही चक्रावले. सकाळी लावलेला कॉल दिवस कलला तरी लागेना. बाकावर बसून मी वाक्य घोकत होतो. पुरं झालं रत्ना, आता ये. कडक वाटलं म्हणून बदललं. रत्ना, आता ये. पुन्हा बदललं.

‘लागला, लागला! घ्या!’ अमृतराव ओरडले.

तिकडं कुणा बाईनं उचललं. मी ‘रत्नम्मा, रत्नम्मा’ एवढंच ओरडलो. तिला कळलं असावं, कारण फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि ती हाका मारत गेली. मग लांबून रत्नम्मा येताना ऐकू आली. कुणाशी तरी वाद घालत येत होती, त्यांच्या भाषेत, भरभर, तावातावानं. दुसरी बाई काहीतरी बोलली, ही तिच्यावर चढली आणि मग खळखळून हसली. आमच्या घरात ती हळू बोलायची, हळू हसायची. मला वाटायचं, स्वभावच तसा आहे. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि बायकोचा खरा आवाज मी लातूरच्या टेलिफोन ऑफिसात, कानाला काळा रिसीव्हर लावून, पहिल्यांदा ऐकत होतो.

‘हॅलो? कोण?’

‘मी. वीरण्णा.’

तिचा आवाज लगेच लहान झाला. ‘अहो, अत्याबाईंना काही झालं का?’

‘अव्वा ठीक हाय.’

‘मग? का फोन केलात? बोला ना.’

घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते बोललो असतो तर ती आली असती, पुढच्या महिन्यात आली असती, आणि त्याच लहान आवाजात बोलत राहिली असती.

‘राहा अजून,’ मी म्हणालो. ‘काम पुरं करून ये. घाई करू नको. हेच सांगायला केलाय.’

तिकडून खरखर यायला लागली. मला वाटलं लाइन गेली. मग कळलं, ती रडत होती.

घरी आलो तर अव्वा दारातच. ‘कवा येती?’

‘वर्षानं.’

‘आन् तू काय म्हणालास?’

‘राहा म्हणालो.’

अव्वानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. आत जाऊन तिनं ताट वाढलं. मी बसलो, घास मोडला आणि तसाच बसून राहिलो. एक वर्ष म्हणजे किती, हा विचार टेलिफोनवर बोलताना मी केलाच नव्हता.