जिन्याखालची जागा

घराचा नकाशा मी स्वतःच काढला. इंजिनिअरला विचारलं ते सही-शिक्क्यापुरतं, आणि तेही त्याच्यावर उपकार केल्यासारखं. वीस वर्षं पोरांना भूमिती शिकवलेला माणूस मी. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर मला चार भिंती मांडता येणार नाहीत? डोणगावात त्या वर्षी जो भेटेल त्याला मी हे ऐकवत होतो. लोक ऐकून घेत. मास्तरांचं ऐकून घ्यायची त्यांना सवय असते.

शाळेतून उरलेल्या आलेख वह्या घरी आणल्या होत्या. एक चौकोन म्हणजे एक फूट. रविवारी जेवण झालं की टेबल पुसून घ्यायचो, पेन्सिलीला टोक करायचो आणि बसायचो. एकूण अठरा नकाशे काढले. मोटारसायकल मागे न घेता कशी निघेल, हॉलमध्ये बसलेल्याला संडासाचं दार कसं दिसणार नाही, सोफ्यावरून टीव्ही किती फुटांवर येईल, सगळ्याचा विचार केला होता. फ्रिजचं दार किती उघडेल याचाही कंपासनं कंस काढून ठेवला होता. मुलाला एक खोली, मुलीला एक, आईला देवघराला लागून एक, आम्हा दोघांना एक. बायकोला ओटा असा हवा होता की भाजी चिरताना रस्ता दिसला पाहिजे. तोही दिला.

इतकं सगळं केलं आणि घरातलं एक माणूस राहून गेलं. विसरलो म्हणणंही खोटं आहे. मी नकाशा काढत असताना तीच माझ्यासमोर चहा आणून ठेवत होती.

ती माझी धाकटी बहीण. तिला धाड गावाकडच्या एका खेड्यात दिली होती. लग्नानंतर चार वर्षांनी दिवाळीला माहेरी आली आणि तिला न्यायला कोणी आलंच नाही. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली होती. वडील होते तेव्हा दोनदा जाऊन आले, तिसऱ्यांदा गेले नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली होती. पण आमच्या घरात तिच्याबद्दल कोणी विचारलं तर उत्तर एकच असायचं, "आलेली हाये." जशी बाकीच्यांच्या लेकी सणाला येतात तशी. अकरा वर्षं ती आलेलीच होती.

आम्ही भाड्याच्या तीन खोल्यांत राहत होतो. ती आईच्या खाटेशेजारी खाली अंथरूण टाकायची. कपडे पेटीत, पेटी खाटेखाली. दिवसा पुढच्या पडवीत शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवायची. तिच्या हातचा ब्लाऊज अंगाला असा बसतो की मेहकरवरूनही बाया येतात, असं बायकोच सांगायची. माझ्या मुलांच्या शाळेच्या ड्रेसपासून आईच्या चोळीपर्यंत घरातलं सगळं तीच शिवे. तिचं सामान कमी म्हणून तिला जागाही कमी लागते, असं आम्ही धरून चाललो होतो.

खरं सांगायचं तर एकदा तिची खोली मी काढली होती. बाराव्या की तेराव्या नकाशात हॉलचा एक तुकडा तोडून मागच्या बाजूला नऊ बाय दहाचा चौकोन बसवला होता. आई दुपारची तांदूळ निवडत बाजूला बसली होती. तिनं चष्मा सारखा करून विचारलं, "हे काय काढलं बापा?"

मी सांगितलं. तिचा हात ताटातच थांबला.

"लेकीले खोली बांधून द्याची? म्हंजे तिचा संसार मोडला हे आपणच गावाले सांगाचं? अशानं आला असता तोही येनार नाई न्याले. पुसून टाक ते."

अकरा वर्षांत जो आला नाही, तो आमचा नकाशा बघून अडणार होता. हे मला तेव्हाही हास्यास्पद वाटलं. तरी मी खोडरबर घेतलं आणि चौकोन पुसला. आईचं मन राखलं असं स्वतःला सांगितलं. पण आज लिहायलाच बसलो आहे तर पूर्ण लिहितो. मला हायसं वाटलं होतं. हॉल पुन्हा सोळा फुटांचा झाला होता.

आमच्याकडे पाया खणण्याआधी मिस्त्री प्लॉटवर चुन्याची फक्की टाकतो. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि दोरीखालून पांढरी रेघ ओढायची. कागदावरचं घर जमिनीवर उतरतं. मग घरच्यांनी त्यातून फिरायचं असतं, आणि फिरतानाही दाराच्या जागेतूनच आत जायचं, रेघ ओलांडायची नाही. आमचा मिस्त्री म्हातारा, साठीच्या पुढचा. त्याचा हात कापायचा. दोन रेघा जाड पडल्या तशी बहीण म्हणाली, "द्या काका, मी टाकतो," आणि तिनं घमेलं कमरेवर घेतलं. रोज सकाळी अंगणात रांगोळी काढणारा हात तो. सगळं घर तिनं एकसारख्या रेघेत ओढलं. हॉल, किचन, माझ्या मुलांच्या खोल्या, देवघर, जिना. मिस्त्री दोरी धरून नुसता मागे मागे चालत होता आणि वाहवा करत होता.

आखून झालं तसा तो म्हणाला, "आता ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत उभं राहा. मंग कमी-जास्त समजते. उद्या खोदल्यावर सांगसान तं काही होत नाई."

पोरं पळत आपापल्या चौकोनात गेली. मुलगी तर लगेच आडवी होऊन पलंग कुठं येईल ते दाखवायला लागली. बायको ओट्याच्या जागी उभी राहून रस्ता दिसतो का ते बघत होती. आई देवघराजवळच्या खोलीत वाकून जमिनीला हात लावून उभी राहिली. मी हॉलमध्ये, हातात टेप घेऊन. बहीण घमेलं घेऊन तिथंच उभी होती जिथं तिची शेवटची रेघ संपली होती, म्हणजे घराच्या बाहेर.

मिस्त्रीनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "सर, ताईची कोनती?"

बायको खाली बघायला लागली. आईच बोलली, आणि मोठ्यानं बोलली. "तिले कायले खोली? आज हाये, उद्या जाईन आपल्या घरी."

त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. दोरी तिथंच होती, चुना उरला होता, जमीन रिकामी होती. मी बोललो नाही.

मग बहीणच बोलली. हसून बोलली, तिला आम्हा सगळ्यांना सोडवायचं होतं. "मले नाई लागत खोली, काका. दादा, मशीन कुठी ठेवाची तेवढं सांग."

आणि मी, भूमितीचा मास्तर, टेप उघडून जिन्याच्या चौकोनाकडं गेलो. "जिन्याखाली साडेतीन फूट उंची निघते," मी म्हणालो. "मशीन आरामात बसते."

मशीनवर बसणाऱ्या माणसाचं डोकं साडेतीन फुटांत मावत नाही, हे मला घरी परत येईपर्यंत सुचलं नाही. तिला तिथंच सुचलं असणार. अंगाची मापं घेणं तिचा रोजचा धंदा होता. तरी वाकून तिनं जिन्याच्या चौकोनात मशीनपुरता एक छोटा चौकोन काढला, कोपरे नीट जुळवले आणि उरलेला चुना झटकून घमेलं मिस्त्रीला दिलं.

जोत्यात मुरूम भरणं चालू होतं तेव्हाची गोष्ट. सकाळी मी बूट घालत होतो. ती म्हणाली, "दादा, जळगाव जामोदले मुलीच्या होस्टेलवर सैपाकाले बाई पाह्यजे. माह्या एका गिऱ्हाइकाची ओळख हाये. मी हो म्हनून देल्लं."

"तिथं राहशील कुठं?"

"खोली देतात."

मी चिडलो. चूक आपली असली की मला आधी राग येतो. भावाचं एवढं घर उभं राहतंय आणि बहीण परक्या गावी पोळ्या लाटणार, लोक काय म्हणतील, असं बरंच बोललो. ती पडवीतले दोरे आवरत ऐकत होती. "लोक अकरा वर्षांपासून म्हनूनच राह्यले, दादा," ती म्हणाली. "आता काही नवीन म्हनतीन. त्याइलेही बदल पाह्यजे न."

सोमवारी ती गेली. पेटी, एक वळकटी आणि पोत्यात बांधलेलं मशीनचं डोकं. स्टँड मागून पाठव म्हणाली. मी तिला एसटीत बसवून शाळेत गेलो आणि त्या दिवशी एका पोराला विनाकारण मारलं.

संध्याकाळी शेजारीण दारात आली. लेक दिसत नाही म्हणून तिनं विचारलं. आई म्हणाली, "गेली. आपल्या घरी गेली."

माझं डोकं फिरलं. शेजारीण गेल्यावर मी ओरडलो, "कोनतं घर, माय? कोनतं घर हाये तिचं?"

आई पदर तोंडावर धरून रडायला लागली. "मले काय समजत नाई काय रे? दुसऱ्याच वर्षी समजलं मले. पन मायनं आपल्या तोंडानं कसं म्हनाव का माह्या लेकीचं मोडलं? म्या म्हटलं नाई म्हनून काय तुवाही नाई म्हनाव?"

नकाशा तिनं काढला नव्हता. एका आईला लेकीचं मोडलं असं म्हणवत नव्हतं, आणि तिचं ते न म्हणणं मला सोयीचं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी प्लॉटवर गेलो. जोतं भरून भिंती नुकत्या उठायला लागल्या होत्या. मिस्त्रीला म्हणालो, हॉल तोडायचा, नऊ बाय दहाची खोली काढायची, उत्तरेला मोठी खिडकी पाहिजे, शिवताना उजेड हवा. त्याला वाटलं वास्तूचं काही निघालं. मी कारण सांगितलं तेव्हा त्यानं बिडी विझवली आणि पहिला थर स्वतः लावायला बसला. हॉल केवढुसा झाला. बायकोनं सोफा छोटा घेऊ म्हटलं, आणखी काही विचारलं नाही.

खिडकीची चौकट बसली त्या रविवारी मी खामगावला गाडी बदलून जळगाव जामोदला गेलो. खिशात नवा नकाशा घडी करून ठेवला होता. होस्टेलच्या मागच्या अंगणात तिची खोली होती, पत्र्याची, माझ्या नव्या खोलीपेक्षा लहानच. पण दाराला तिचं कुलूप होतं. भिंतीवर खुंट्या होत्या आणि त्यांवर तिच्या साड्या टांगलेल्या होत्या. अकरा वर्षांत तिच्या साड्या मी पेटीच्या बाहेर पाहिल्या नव्हत्या.

तिनं मला खाटेवर बसवलं. चहा केला, मग माझं ऐकून न घेता बेसन आणि भाकरी. सातपुड्याचे डोंगर मागून इतके जवळ दिसतात, दादा, पावसाळ्यात ये, असं बोलत राहिली. जेवण झाल्यावर मी नकाशा काढून तिच्यापुढं ठेवला.

तिनं हात पुसून तो उलगडला. बोटानं दारातून आत आली, हॉलमधून पुढं गेली आणि नव्या चौकोनावर थांबली. "खिडकी मोठी काढली. बरं केलं. हे कोनाची?"

"तुही."

नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळलेलं पाणी तिनं पदरानं पुसलं.

"दादा, फक्की टाकून राह्यली होती न मी, तवा दर रेघीले वाटे का आता तू म्हनशीन, थांब, अजून एक राह्यली. पार जिन्यापरेंत वाटलं मले." तिनं कागद पहिल्याच घड्यांवर घडी केला. "आता नाई येत मी राहाले. माह्यं इथं बरं हाये. दिवाळीले येईन ना. चार दिवस. सगळ्याइच्या बहिनी येतात तशी."

मी खूप समजावलं. आईचं नाव काढलं, पोरांचं काढलं. ती मान हलवत राहिली, रागावली नव्हती. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

निघायला उठलो तसं तिनं थांबवलं. आधी पाटावर बस म्हणाली. पेटी उघडून नवा टॉवेल आणि पांढरी टोपी काढली, होस्टेलच्या बाईला सांगून बाजारातून आणवली असावी. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, टोपी डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि वाकून पाया पडली.

"कायले हे?" मी म्हणालो.

"भाऊ पयल्यांदा माह्या घरी आला," ती म्हणाली. "तसाच कसा जाऊ देऊ?"

मी जन्मात टोपी घातलेली नाही. ती मी खामगावपर्यंत काढली नाही. गाडीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं कुंकू आणि टॉवेल पाहून विचारलं, "कोनाइकून आहेर घेऊन आले?"

"बहिणीच्या घरून," मी म्हणालो, आणि नांदुरा येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून रडलो.